घरच्या घरी लोहारकाम: तापलेलं लोखंड काय सांगतं, काय सांगत नाही

‘लोखंड तापलंय तोवरच घाव घाला,’ असं आपण सहज म्हणून जातो. पण किती तापलं म्हणजे तापलं? आणि ‘तोवर’ म्हणजे नेमका किती वेळ? या दोन प्रश्नांची उत्तरं ज्याच्या हातात आणि डोळ्यांत बसली, तो अर्धा लोहार झाला. घराच्या मागच्या अंगणात किंवा गॅरेजमध्ये, शनिवार-रविवारच्या मोकळ्या वेळात हे काम शिकता येतं का? येतं. कारण यातला बराचसा भाग लोखंड स्वतःच शिकवतं. मात्र काही गोष्टी ते अजिबात सांगत नाही, आणि त्या आधी माहीत असाव्या लागतात.

रंग हाच तापमापक

कोणतीही वस्तू पुरेशी तापली की प्रकाश देऊ लागते, आणि त्या प्रकाशाचा रंग तापमानावर ठरतो. साधारण ५५० अंश सेल्सिअसला लोखंड अंधारात जेमतेम लालसर दिसतं. ७५० ते ८०० अंशांना ते लालबुंद होतं, ९५० च्या आसपास नारिंगी, आणि ११०० ते १२०० अंशांना पिवळं. त्याहून वर, १३०० च्या पुढे, ते पांढरट होऊन फुलबाजीसारख्या ठिणग्या उडवू लागतं. तेव्हा ते तापत नसतं, जळत असतं. जळालेला भाग पुन्हा जोडता येत नाही, कापूनच टाकावा लागतो.

घाव घालायचा तो पिवळ्या ते नारिंगी रंगावर. तेव्हा साध्या लोखंडाचा विरोध थंडपणीच्या तुलनेत कित्येक पटींनी कमी असतो. गडद लाल रंगावर ठोकत राहिलात तर मनगट दुखेल, लोखंड मात्र फारसं हलणार नाही. एक लक्षात ठेवा: उन्हात रंग फसवतो. भर दुपारी ‘लाल’ वाटणारं लोखंड सावलीत नारिंगी दिसेल. म्हणून भट्टीची जागा सावलीत निवडा.

वेळ का पुरत नाही?

नवशिक्याला वाटतं, आत्ता तर बाहेर काढलं आणि लगेच थंड झालं! त्यामागे साधं भौतिकशास्त्र आहे. तापलेली वस्तू जी उष्णता प्रकाशरूपाने फेकते, ती निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात असते. म्हणजे ११०० अंशांचं लोखंड ८०० अंशांच्या लोखंडापेक्षा अडीच पटींहून अधिक वेगाने उष्णता गमावतं. पहिले काही सेकंद सर्वांत मोलाचे असतात, ते याचमुळे.

शिवाय बारीक सळई जाड सळईपेक्षा लवकर थंड होते, कारण तिच्या आकारमानाच्या मानाने पृष्ठभाग जास्त असतो. टोक काढता काढता ते जितकं निमुळतं होईल, तितका वेळ कमी मिळेल. म्हणून घाव कुठे, कसे आणि किती घालायचे हे लोखंड भट्टीत असतानाच ठरवायचं. बाहेर काढल्यावर विचार करायला सवड नसते. पण रंग उतरला तर घाईही करू नका, पुन्हा भट्टीत घाला. एका तापातला वेग लोखंडाचा, दोन तापांमधला वेग तुमचा. ‘आपल्या गतीने शिकणं’ इथे असं असतं.

सुरुवात कुठून?

एखादा किलो वजनाचा हातोडा, एक सांडशी, तारेचा ब्रश, गॅसवरची छोटी भट्टी आणि ऐरण एवढ्यावर सुरुवात होते. नवी ऐरण महाग असते, पण भंगारवाल्याकडून रीतसर घेतलेला पोलादाचा जाड ठोकळा किंवा रुळाचा तुकडाही चालतो. तुकडा उभा पक्का बसवा, म्हणजे घावाखाली जास्तीत जास्त वस्तुमान येतं. ऐरण हलली की तुमची मेहनत तिला हलवण्यात जाते. ताठ उभं राहून हाताची मूठ खाली सोडली की बोटांचे सांधे जिथे येतात, तेवढी तिची उंची ठेवा.

पहिलं लोखंड कमी कार्बनचं घ्या, साधारण ०.२५ टक्क्यांच्या आतलं. ते चुका पोटात घालतं: वाकडं झालं तर पुन्हा तापवून सरळ करता येतं, पाण्यात बुडवलं तरी सहसा ठिसूळ होत नाही. क्रम असा ठेवा: टोक काढणं, वाकवणं, पिळणं, भोक पाडणं. या पहिल्या तिन्हींतून एस-आकाराचा आकडा तयार होतो.

टोक गोल हवं असलं तरी आधी चौकोनी काढा, मग त्याचे कोपरे मारून अष्टकोनी, आणि शेवटी गोल. सुरुवातीपासून गोल फिरवत ठोकलं तर सळईच्या गाभ्यात ताण येऊन आतून भेग पडू शकते. घनफळ बदलत नाही हेही हिशेबात धरा. १२ मिलिमीटरची चौकोनी सळई ६ मिलिमीटरची केली तर तिची लांबी चौपट होते.

अपार्टमेंटमध्ये राहत असाल तर भट्टी विसरा, पण सराव विसरू नका. मुलांच्या खेळण्यातली माती हातोडीखाली बरीचशी तापलेल्या लोखंडासारखी पसरते. जेवणाच्या टेबलावर हा सगळा क्रम हाताला शिकवता येतो.

पाणी देणं

छिन्नी किंवा चाकू करायचा तर कार्बन जास्त हवा. मोटारीच्या जुन्या स्प्रिंगमध्ये तो बहुधा ०.६ टक्क्यांच्या आसपास असतो. असं पोलाद तापलं की त्यातल्या अणूंची मांडणी बदलते आणि कार्बन तिच्यात विरघळतो. एकदम थंड केलं तर कार्बनला बाहेर पडायला वेळच मिळत नाही. तो अडकून पडतो, आणि पोलाद अतिशय कठीण पण काचेसारखं ठिसूळ होतं.

योग्य क्षण ओळखायला लोहचुंबक वापरा. ७७० अंशांच्या सुमारास लोखंड चुंबकाला चिकटेनासं होतं. त्याहून थोडं वर गेलं की तेलात बुडवायचं, कारण अशा पोलादाला पाण्यात तडा जाण्याची भीती असते. तेल पेट घेऊ शकतं, म्हणून भांडं धातूचं आणि झाकणाचं हवं. त्यानंतर २०० ते ३०० अंशांना पुन्हा हलकं तापवलं की ठिसूळपणा कमी होतो. तेव्हा घासलेल्या पृष्ठभागावर फिकट पिवळा, तपकिरी, जांभळा आणि मग निळा असे रंग क्रमाने उमटतात. ही झळाळी नव्हे, तर ऑक्साइडच्या पातळ थराची करामत आहे, साबणाच्या फुग्यावरच्या रंगांसारखी.

लोखंड जे सांगत नाही

पहिली गोष्ट, ४०० अंशांचं लोखंड काळंच दिसतं. जमिनीवर पडलेला तुकडा कधीही थेट उचलू नका. आधी हाताची पालथी बाजू जवळ नेऊन धग पाहा.

दुसरी, जस्ताचा मुलामा. जस्त ९०७ अंशांना उकळतं, म्हणजे घाव घालण्याच्या तापमानाआधीच. त्याच्या धुरामुळे काही तासांनी फ्लूसारखा थंडी-ताप भरतो. चकचकीत करडे पाइप, बोल्ट, साखळ्या भट्टीत नकोतच.

तिसरी, कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही. गॅरेजचं दार पूर्ण उघडं ठेवा आणि अलार्म लावा. डोकं दुखू लागलं तर भट्टी बंद करून बाहेर पडा.

यांबरोबर डोळ्यांना चष्मा, कानांना संरक्षण, सुती कपडे, कातडी बूट आणि जवळ अग्निशामक हवाच. सिंथेटिक कापड वितळून कातडीला चिकटतं. भाड्याचं घर असेल तर घरमालकाला, नाहीतर गृहसंस्थेला आणि विमा कंपनीला आधी विचारा. ब्रिटनमध्ये धूरनियंत्रण क्षेत्रात कोळसा जाळण्यावर निर्बंध आहेत.

एकट्याने शिकताना अधूनमधून कुणी हात पाहिलेला बरा. अमेरिकेत १९७३ साली स्थापन झालेल्या ‘अबाना’ या लोहार-कलावंतांच्या संघटनेशी जोडलेले स्थानिक गट आहेत, ब्रिटनमध्ये ‘बाबा’ ही तशीच संघटना आहे. भट्टी विकत घेण्याआधी अशा एखाद्या गटाच्या प्रात्यक्षिकाला जा आणि डोळे फक्त लोखंडाच्या रंगावर ठेवा. कुठल्या रंगावर घाव थांबतो आणि सळई परत भट्टीत जाते, एवढं पाहून आलात तरी पहिला धडा झाला.