सिंकखालचं गुरगुरणारं प्रकरण

अमेरिकेत नव्याने संसार थाटणाऱ्याची एक फजिती ठरलेली. सिंकजवळचं बटण दिव्याचं समजून दाबावं, तर सिंकच्या पोटातून गुरगुराट! हे ‘डिस्पोझल’. खरकटं आणि सालं बारीक करून पाण्याबरोबर गटारात ढकलणारं यंत्र. तिथल्या मराठी घरांत ते नांदतं खरं, पण त्याच्याबद्दल गैरसमजच फार.

मुळात त्यात पाती नसतातच. सिनेमातली बोटं छाटणारी दृश्यं विसरा. आत एक चकती मिनिटाला सतराशे ते अठ्ठावीसशे फेरे घेते. तिच्यावरचे हलते लोखंडी ठोकळे खरकटं कडेला भिरकावतात आणि तिथलं दातेरी कडं त्याचा भुगा करतं. थोडक्यात, मिक्सरपेक्षा किसणीचाच हा भाऊबंद. ‘बर्फ टाका, पात्यांना धार लागेल’ हा घरोघरचा सल्ला त्यामुळे फुकट जातो. पातीच नाहीत तर धार कशाला लागणार? बर्फाने आतली चिकट घाण खरवडून निघते, एवढंच. पाती नाहीत म्हणून हात मात्र घालू नका. चमचा पडला तर वीज बंद करायची आणि चिमट्याने काढायचा.

ही करामत एका वास्तुविशारदाची. विस्कॉन्सिन राज्यातल्या रसीन गावच्या जॉन हॅम्स यांनी १९२७ मध्ये हे यंत्र घडवलं, १९३५ मध्ये पेटंट मिळालं आणि १९३८ मध्ये ‘इन-सिंक-इरेटर’ कंपनी निघाली. २०२२ मध्ये ती व्हर्लपूलने विकत घेतली.

न्यूयॉर्कच्या मोठ्या भागात मात्र हे यंत्र बसवणं १९९७ पर्यंत बेकायदा होतं! जुन्या वस्त्यांत पावसाचं पाणी आणि सांडपाणी एकाच नळातून वाहतं. मुसळधार पावसात ते थेट नदी-खाडीत उसळतं, त्यात आणखी खरकट्याची भर नको, हे कारण. शेवटी काही इमारतींत यंत्रं बसवून गटारं तपासली, फारसं बिघडत नाही असं दिसलं आणि बंदी उठली. उलट रसीनच्या शेजारचं मिलवॉकी शहर १९२६ पासून सांडपाण्यातल्या गाळाचं खत करून ‘मिलोर्गॅनाईट’ नावाने विकतंय. तिथे सिंकमध्ये गेलेलं बटाट्याचं साल कुणाच्या तरी हिरवळीवर उगवत असेल.

साल म्हटलं की आपल्या स्वयंपाकघराची गोष्ट आली. या यंत्राला शेवग्याच्या शेंगांचा चोथा अजिबात झेपत नाही. दोरे सुटतात आणि चकतीला गुंडाळून बसतात. मक्याच्या कणसाची सालं, कोथिंबिरीच्या देठांची जुडी, नारळाची शेंडी यांचीही तीच तऱ्हा. आंब्याची कोय तर नकोच. उरलेला भात पातेलंभर ओतला तर पुढच्या नळीत फुगतो आणि बटाट्याच्या ढीगभर सालांची खळ होते. तूप-तेलाचा तर मुळीच भरवसा नाही. गरम पाण्याबरोबर शहाण्यासारखं जातं आणि पुढे गार झालं की नळीत थिजतं. म्हणून यंत्र चालवताना पाणी गारच सोडायचं. लिंबाची सालं मात्र खुशाल टाका, वास जातो.

आता बिघाड. इथे कानच कामाला येतात. बटण दाबूनही चिडीचूप? तळाशी बघा, एक लाल बटण बाहेर आलेलं दिसेल. मोटर तापली की ते स्वतःहून सुटतं. दहा मिनिटं थांबून दाबा, बहुतेक वेळा गाडी रुळावर येते. नुसतंच घुंऽऽऽ? म्हणजे आत काहीतरी अडकलंय. लगेच बंद करा, नाहीतर मोटर जळेल. वीज तोडा आणि तळाच्या मधोमध सहा कोनी भोक आहे का बघा. बऱ्याच यंत्रांना ते असतं. त्यात पाव इंची अॅलन की घालून चकती मागे-पुढे फिरवली की अडलेलं सुटतं. लोक मात्र ही किल्ली हरवतात आणि प्लंबरला पैसे देतात.

गळतं कुठून, तेही पाहा. वरून गळत असेल तर सिंकच्या तोंडाशी भरलेली पुटी सुकली असणार, ती नव्याने भरायची. बाजूने गळत असेल तर नळीचं जोडकाम आवळायचं. ऐन तळातून पाणी टपकत असेल तर आतलं सील गेलंय. तिथे खटपट करू नका, नवं यंत्र आणा.

नवं शक्यतो त्याच कंपनीचं घ्या. सिंकला लावलेलं वरचं कडं बहुधा तेच चालतं, जुनं यंत्र फिरवून काढायचं आणि नवं फिरवून बसवायचं. ते जड असतं आणि सिंकखाली आडवं पडून पेलावं लागतं, तेव्हा खाली रंगाचा डबा-बिबा टेकू म्हणून लावावा. खरी गंमत पुढेच. डिशवॉशरची नळी जिथे जोडतात, तिथे नव्या यंत्रात प्लास्टिकचं बूच असतं. स्क्रू ड्रायव्हर आणि हातोडीने ते आधी फोडून बाहेर काढायचं. जुन्या यंत्रात ते कधीच निघालेलं असतं, त्यामुळे कुणाच्या ध्यानात येत नाही. मग डिशवॉशरचं पाणी तुंबतं आणि भलेभले डिशवॉशर दुरुस्त करणाऱ्याला फोन लावतात.