बिगोस : एका पोलिश मांसान्नाची साहित्यिक घडण

१

एखादे अन्न 'पारंपरिक' किंवा 'राष्ट्रीय' आहे असे आपण म्हणतो, तेव्हा ते पिढ्यान्‌पिढ्या आहे तसेच चालत आले आहे असे आपण गृहीत धरलेले असते. हे गृहीतक तपासून पाहावयाचे झाल्यास पोलिश स्वयंपाकातील 'बिगोस' हे उदाहरण विशेष उद्बोधक ठरते. मिठात आंबवलेला कोबी आणि अनेक प्रकारचे मांस एकत्र शिजवून केलेला हा पदार्थ आज पोलंडचे राष्ट्रीय अन्न म्हणून ओळखला जातो. त्याची ही ओळख घडविण्यात स्वयंपाकघराइतकाच छापील संहितांचा वाटा आहे. पाककृतींचा ग्रंथ, महाकाव्य, गृहिणींसाठीचे मार्गदर्शक पुस्तक आणि संपकऱ्यांचे मागणीपत्र अशा चार भिन्न प्रकारच्या संहितांमधून पोलिश मांसान्नाला कोणकोणते अर्थ प्राप्त झाले, याचा परामर्श प्रस्तुत लेखात घ्यावयाचा आहे.

२

मुळात पोलिश भाषेत लिहिलेला पहिला छापील पाकग्रंथ 'काँपेंदिउम फेर्कुलोरुम' हा १६८२ साली क्राकूफ येथे प्रसिद्ध झाला. त्याचा कर्ता स्तानिस्वाफ चेर्न्येत्स्की हा लुबोमिर्स्की या सरदार घराण्याच्या मुदपाकखान्याचा प्रमुख होता. ग्रंथाची रचना काटेकोर आहे. मांसाचे पदार्थ, माशांचे पदार्थ, आणि दूध, पिठाचे व इतर पदार्थ अशी तीन प्रकरणे असून प्रत्येकात शंभर पाककृती, दहांची पुरवणी आणि शेवटी बल्लवाचे एक 'गुपित' आहे. मांस व मासे यांची ही विभागणी कॅथलिक उपवासांच्या पंचांगाशी जुळणारी आहे. मांस वर्ज्य असलेल्या दिवसांची संख्या मोठी असलेल्या समाजात मांसान्नाचा अर्थ उपवासाच्या संदर्भातच निश्चित होत असे. आजही नाताळच्या आदल्या रात्रीचे भोजन परंपरेने मांसविरहित असते, आणि आधीपासून शिजवून ठेवलेला बिगोस सणाच्या दिवशी पानात येतो.

चेर्न्येत्स्कीच्या ग्रंथात बिगोस आहे. मात्र त्यात कोबी नाही. तेथे 'बिगोस' म्हणजे बारीक चिरलेल्या मांसाचा अथवा माशाचा आंबटगोड, मसालेदार पदार्थ होय. पक्ष्यांच्या मांसाप्रमाणेच मासे व नदीतील चिंगाट्या यांचाही बिगोस होत असे, आणि त्याला मिरी, दालचिनी, लवंग, जायफळ यांची जोड असे. हे मसाले दूरदेशाहून येत असल्यामुळे ते ऐश्वर्याचे चिन्ह होते. शब्दाचा मूळ रोख घटकांवर नसून चिरण्याच्या क्रियेवर होता, हे त्यावरून साधित झालेल्या क्रियापदातूनही दिसते. तलवारीने माणसाची खांडोळी करणे या अर्थीही ते क्रियापद वापरले गेले आहे. 'बिगोस करून ठेवणे' याचा आजच्या बोलीतील अर्थ घोळ घालणे, सारा गोंधळ करून ठेवणे असा होतो.

अठराव्या शतकात या पदार्थात कोबी शिरला. मांस कमी आणि स्वस्त कोबी अधिक असलेल्या या प्रकाराला 'हुल्तायस्की', म्हणजे उडाणटप्पूंचा, बिगोस असे उपहासात्मक नाव होते. काटकसरीतून जन्मलेल्या या उपप्रकारानेच पुढे मूळ पदार्थाला बाजूस सारले आणि त्याचे नावही बळकावले. आज ज्याला प्राचीन परंपरा मानले जाते, तो वस्तुतः त्या परंपरेतील तुलनेने अलीकडचा आणि गरिबीशी नाते सांगणारा फाटा होय.

३

या फाट्याला प्रतिष्ठा मिळवून दिली ती आदाम मित्स्कियेविच (१७९८–१८५५) याच्या 'पान तादेउश' या काव्याने. बारा सर्गांचे, तेरा अक्षरावयवी ओळींत रचलेले हे काव्य १८३४ साली पॅरिस येथे प्रसिद्ध झाले. तत्पूर्वी १७७२, १७९३ आणि १७९५ अशा तीन फाळण्यांनी पोलिश राज्य नकाशावरून पुसले गेले होते, आणि १८३०–३१ चा उठाव फसल्यावर हजारो पोलिश लोक पश्चिम युरोपात निर्वासित झाले होते. कवीचा जन्म नोवोग्रुदेक परिसरातला. हा प्रदेश तेव्हा लिथुएनिया म्हणून ओळखला जाई, आज तो बेलारूसमध्ये आहे. १८२४ मध्ये त्याला तेथून रशियात धाडण्यात आले, त्यानंतर तो मायभूमीला कधीच परतला नाही. काव्यातील काळ मात्र १८११–१२ चा, म्हणजे नेपोलियनच्या स्वारीपूर्वीच्या आशेचा आहे.

चौथ्या सर्गात अस्वलाची शिकार संपल्यावर रानातच कढया चढतात आणि बिगोस शिजतो. येथे कवी एक अडचण मांडतो: बिगोसाचा स्वाद, रंग आणि गंध शब्दांत सांगता येत नाहीत; ऐकणाऱ्याला शब्द आणि यमके ऐकू येतील, पण शहरी पोटाला त्यातले मर्म कळणार नाही. त्यासाठी निरोगी देह हवा, गावाकडचे जगणे हवे, शिकारीहून परतलेले असणे हवे. असे बजावून झाल्यावर कवी त्याचे सविस्तर वर्णन करतो. आंबवलेला कोबी, निवडक मांसखंड, भांड्याच्या कडांवरून उठणारी वाफ, आणि लढाईच्या आवेशाने कढयांवर तुटून पडलेले शिकारी असा तो प्रसंग आहे. शेवटी रिकाम्या भांड्यांच्या तळाशी उरते ती केवळ वाफ. तिला निवलेल्या ज्वालामुखीच्या मुखाची उपमा दिली आहे.

वीरकाव्याच्या उपमानांची योजना जेवणासाठी झाल्यामुळे येथे विनोद निर्माण होतो, हे उघड आहे. तथापि त्या विनोदाखाली असलेली व्यथा नजरेआड करता येत नाही. बिगोस कळण्यासाठी कवीने ज्या अटी घातल्या, त्यांपैकी एकही पॅरिसमधील निर्वासित वाचक पुरी करू शकत नव्हता. स्वतः कवीही आता ती करू शकत नव्हता. अनुवादाच्या मर्यादेविषयी आपण जे नेहमी बोलतो, ते येथे एकाच भाषेच्या आत घडते. शब्द तोच आहे, वाचकाची भाषाही तीच आहे, पण त्या शब्दामागचे जगणे हरवले आहे.

काव्याच्या अखेरच्या सर्गांतील मेजवानीत एक जुने पाकपुस्तक अवतरते. त्याला कवीने दिलेले नाव 'कुखाश दोस्कोनावी' हे आहे. या नावाचे पुस्तक वोय्चेख व्येलाँद्को याने १७८३ मध्ये प्रसिद्ध केले होते. पण ते फ्रेंच ग्रंथावर आधारलेले, नव्या अभिरुचीचे पुस्तक होते. कवीने वर्णिलेले पदार्थ त्यातले नाहीत. न चिरलेला, डोक्याकडे तळलेला, मध्यभागी भाजलेला आणि शेपटीकडे रश्शात शिजलेला मासा काव्यात येतो, तो चेर्न्येत्स्कीच्या दुसऱ्या प्रकरणातील 'गुपिता'शी जुळतो. ग्रंथ १६८२ चा, नाव १७८३ चे, असा हा संकर आहे. लुप्त होत चाललेल्या आचारविश्वाचे स्मारक उभारताना कवीच्या हाताशी आठवणीबरोबरच एक छापील पुस्तक होते, हे आंतरसंहितात्मकतेच्या अभ्यासकाला महत्त्वाचे वाटेल.

४

पदार्थाची घडणही लक्षात घेण्याजोगी आहे. घरगुती बिगोसात आंबवलेला व ताजा असे दोन्ही कोबी, डुकराचे मांस, मिळाल्यास शिकारीचे मांस, धुरावलेले सॉसेज, आधीच्या जेवणातील उरलेले भाजके मांस, वाळवलेल्या रानअळंब्या, सुकवलेले आलुबुखार आणि जुनिपरची फळे असतात. तो मंद आचेवर तासन्‌तास शिजतो, निवतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा तापविला जातो. प्रत्येक वेळी तो अधिक मुरतो असे मानतात. क्लोद लेवी-स्ट्रॉस याने १९६५ साली मांडलेल्या 'पाकत्रिकोणा'त कच्चे, शिजलेले आणि कुजलेले ही तीन टोके असून भाजणे, उकडणे व धुरावणे या क्रियांना त्यात निरनिराळी स्थाने आहेत. बिगोसात आंबलेले, भाजलेले, धुरावलेले आणि उकडलेले असे सर्वच एका भांड्यात येते. म्हणूनच त्याची ठराविक कृती सांगता येत नाही. घरोघरी तो वेगळा असतो. साठवण, उरलेसुरले आणि सणासाठी राखलेले यांचा मेळ घालणारी ती एक पद्धती आहे. लिथुएनिया व बेलारूस येथेही हा पदार्थ घरचाच मानला जातो. आजच्या सीमारेषा त्याच्या नंतरच्या आहेत.

५

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पाकलेखनाचा कर्ता आणि वाचक दोन्ही बदलले. लुत्सिना च्फ्येर्चाक्येविचोवा (मृत्यू १९०१) या वॉर्सातील लेखिकेचे '३६५ ओब्यादूफ' हे १८६० मधील पुस्तक वर्षाच्या प्रत्येक दिवसासाठी जेवण सुचविते, आणि त्याच्या पूर्ण शीर्षकातच 'पाच झ्वोतींत' अशी खर्चाची मर्यादा आहे. सरदाराच्या बल्लवाची जागा येथे हिशेब ठेवणाऱ्या शहरी गृहिणीने घेतली. राज्य नसलेल्या समाजात भाषा आणि चालीरीती टिकविण्याचे काम ज्या घरांत होत होते, त्या घरांच्या दैनंदिन व्यवहाराची ही संहिता आहे.

आज पोलिश घरातील रविवारच्या जेवणाचे प्रतीक मानला जाणारा 'कोत्लेत स्खाबोवी' हाही याच शहरी वळणाचा पदार्थ. डुकराच्या कमरेकडील मांसाचा तुकडा ठोकून पातळ करतात, पीठ, अंडे व पावाचा चुरा यांत घोळवून तळतात, आणि बटाटे व कोबी यांच्यासह वाढतात. व्हिएन्नातील वासराच्या मांसाच्या श्निट्झेलशी त्याचे साम्य उघड आहे. येथेही 'पारंपरिक' या विशेषणाखाली एक उसनवारी आत्मसात झालेली दिसते.

६

विसाव्या शतकात या घरगुती पदार्थाला राजकीय अर्थ आला. साम्यवादी राजवटीत मांसाची टंचाई हा कायमचा प्रश्न होता. १९५९ मध्ये सोमवार हा मांसविरहित दिवस ठरविण्यात आला. वॉर्सातील मांसव्यापारातील गैरव्यवहाराच्या खटल्यात १९६५ साली एका व्यवस्थापकाला फाशी देण्यात आली; तो निकाल पुढे २००४ मध्ये रद्द झाला. डिसेंबर १९७० मधील अन्नधान्य व मांसाच्या दरवाढीनंतर बाल्टिक किनाऱ्यावरील शहरांत झालेल्या गोळीबारात चाळीसहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. ८ जुलै १९८० रोजी श्फिद्निक येथील कारखान्यातील कामगारांनी काम थांबविले, त्याचे निमित्त उपाहारगृहातील कोत्लेतची किंमत १०.२० झ्वोतींवरून १८.१० झ्वोतींवर गेली हे होते. पुढल्याच महिन्यात ग्दान्स्कच्या संपकऱ्यांनी केलेल्या २१ मागण्यांत स्वतंत्र कामगार संघटना व भाषणस्वातंत्र्य यांच्याबरोबरच मांसासाठी शिधापत्रिका सुरू कराव्यात ही मागणीही होती. त्या मागण्या लिहिलेले लाकडी फलक २००३ पासून युनेस्कोच्या जागतिक स्मृतिनोंदीत समाविष्ट आहेत. मांसाचे शिधावाटप १९८९ पर्यंत चालू राहिले.

मित्स्कियेविचच्या काव्यात अन्न हरवलेल्या भूमीचे चिन्ह होते. या फलकांवर ते वर्तमानातील हक्काचे चिन्ह बनले. विपुलतेचे जे चित्र शाळाशाळांतून शिकविल्या जाणाऱ्या काव्यात होते, त्याच्या पार्श्वभूमीवर दुकानासमोरची रांग अधिकच बोचरी ठरली असावी.

७

'पान तादेउश'मधील हा प्रसंग मराठीत आणावयाचा झाल्यास 'बिगोस' या शब्दाचे काय करावे? भाजी, कालवण, रस्सा, सुके यांपैकी कोणताही शब्द पुरा पडत नाही. आंबवलेला कोबी आपल्या स्वयंपाकात नसल्यामुळे त्या आंबटपणाची स्मृतीही वाचकापाशी नाही. मूळ शब्द तसाच ठेवणे हा मार्ग केवळ सोयीचा नाही, तर काव्याच्या आशयाशी प्रामाणिक आहे. हे शब्दांत मावत नाही, असे कवीनेच सांगितलेले आहे. मराठी वाचकाचे अपरिचितपण हे पॅरिसमधील निर्वासिताच्या दुराव्याचेच दूरचे टोक ठरते. मात्र त्या शब्दाला 'एक पारंपरिक पोलिश पदार्थ' अशी तळटीप जोडून मोकळे होणे योग्य नव्हे. सरदारी मसाल्यांपासून उडाणटप्पूंच्या कोबीपर्यंत आणि वनातल्या कढईपासून शिधापत्रिकेपर्यंतचा प्रवास त्या एका विशेषणाने झाकला जातो. परंपरा हे स्पष्टीकरण म्हणून न स्वीकारता, जिचे स्पष्टीकरण द्यावयाचे आहे अशी घटना म्हणून तिच्याकडे पाहणे, हेच तौलनिक अभ्यासाचे काम होय.