त्याचं मन कामात का लागत नाही?

कोविडच्या काळात भोसरीपासून चाकणपर्यंत कंपन्यांच्या गेटवर कामगाराचा ताप मोजत होते. रात्री झोप लागते का, हे कोणी विचारत नव्हतं. वस्तीत फिरताना बाया मला अजून सांगतात, "ताई, लॉकडाऊनपासून हे कामावर जातात, पण मन कशातच लागत नाही."

सुपरवायझर याला कामचुकारपणा म्हणतो. मला ते पटत नाही. 2020 आठवून बघा. मार्चअखेर लाईन बंद पडल्या. 29 मार्चला केंद्राच्या गृह मंत्रालयाने आदेश काढला, टाळेबंदीतला पगार कापू नका. 18 मेपासून तो मागे घेतला. 12 जूनला सुप्रीम कोर्ट म्हणालं, मालकांवर सक्तीची कारवाई नको, पगाराचं दोघांनी बोलून मिटवावं. कायम कामगाराच्या मागे युनियन होती, तो बोलणीला बसला. ठेकेदाराचा हेल्पर कोणाशी बोलणार? ठेकेदार तर फोनच उचलत नव्हता!

कंपन्या उघडल्यावर हाच हेल्पर अंगात ताप असताना गोळी खाऊन गेटवर उभा राहिला. चौदा दिवस घरी बसवलं तर खाडे पडणार आणि जागेवर दुसरा येणार. घरी दहा बाय दहाची खोली, सार्वजनिक संडास, म्हातारी आई. एवढी धास्ती घेऊन माणूस पॉवर प्रेसवर उभा राहतो, आणि लक्ष उडालं की बोटं जातात. "मन लावून काम करा" असा बोर्ड लावून हे सुटत नाही. उद्या काम आहे की नाही, हे आधी कळू द्या.

आपला माणूस "मन आजारी आहे" असं म्हणत नाही. डोकं दुखतं, छातीत धडधडतं, पित्त झालंय म्हणतो. पहाटे तीनला जागा होतो, पोरांवर खेकसतो, विहारात येणं सोडतो. दोन आठवड्यांच्या वर असं चाललं तर डॉक्टरांना दाखवा. दारूचं वेगळं सांगते. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तुटली तर हात थरथरतात, भास होतात, फिटही येते. घरात कोंडून सोडवू नका, दवाखान्यात न्या.

"जगून काय करू" असं कोणी म्हणालं तर सरळ विचारा, जीव द्यायचं मनात येतं का? विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. त्याला एकटं सोडू नका. पोलीस केसच्या भीतीने उपचार लपवू नका. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने असा प्रयत्न करणारा तीव्र तणावाखाली होता असंच धरलं जातं, शिक्षा होत नाही.

टेलिमानसचा नंबर 14416. फोन मोफत, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं. पिंपरीत वायसीएम आहे. ईएसआय असेल तर चिंचवडला मोहननगरचं रुग्णालय आहे. तिथल्या डॉक्टरांनी रजेचं सर्टिफिकेट दिलं आणि वर्गणीचे दिवस भरलेले असले, तर वर्षात 91 दिवसांपर्यंत पगाराच्या 70 टक्के रक्कम मिळते, मनाच्या आजारालाही. पगाराच्या चिठ्ठीवर ईएसआयची कपात दिसते का बघा. दिसत असेल तर ठेकेदाराकडून विमा नंबर या महिन्यातच मागून घ्या.