अ‍ॅलेक्सला माफ केलेले गुन्हे

स्टॅनली कुब्रिकचा ‘अ क्लॉकवर्क ऑरेंज’ 1971च्या अखेरीस पडद्यावर आला आणि हिंसेचं उदात्तीकरण केल्याचा शिक्का त्याच्यावर बसला. ब्रिटनमध्ये कुटुंबाला धमक्या येऊ लागल्यावर खुद्द कुब्रिकच्या सांगण्यावरून तो चित्रपटगृहांतून उतरवला गेला. 1999 मध्ये कुब्रिक वारला, त्यानंतरच तिथल्या प्रेक्षकांना तो पुन्हा रीतसर पाहता आला. एवढा बदनाम झालेला हा सिनेमा अँथनी बर्जेसच्या 1962च्या कादंबरीशेजारी ठेवला, तर चित्र उलटं दिसतं. क्रौर्यात पुस्तक सिनेमाच्या बरंच पुढे आहे.

कथा दोन्हीकडे साधारण तीच. बीथोवनचा भक्त असलेला अ‍ॅलेक्स टोळी घेऊन मारहाण, बलात्कार करत सुटतो आणि एका खुनापायी तुरुंगात जातो. तिथे सरकार त्याच्यावर नवा उपचार करतं. औषध टोचून, पापण्या चिमट्यांनी ताणून त्याला हिंसक फिती दाखवल्या जातात. मग हिंसा नुसती मनात आली तरी त्याला मळमळतं. सुटकेनंतर जुने बळी सूड उगवतात आणि त्याला साधा हातही उचलता येत नाही. वाईट वागणं निवडताच येत नसेल, तर त्या चांगुलपणाला अर्थ काय, हा तुरुंगातल्या पाद्र्याचा प्रश्न कादंबरीचा गाभा आहे.

तो प्रश्न कुब्रिकनं पुरेपूर पेलला. उपचाराच्या दृश्यात अ‍ॅलेक्ससमोर पडदा आहे, आणि आपल्याहीसमोर. खुर्चीला खिळून हिंसा बघणारे आपणही आहोत, ही जाणीव पुस्तकाला देता आली नसती.

पण तिथे पोहोचण्याआधी कुब्रिक अ‍ॅलेक्सचे गुन्हे हलके करतो. कादंबरीतला अ‍ॅलेक्स पंधरा वर्षांचा आहे. तो जेमतेम दहा वर्षांच्या दोन मुलींना दारू पाजून त्यांच्यावर बलात्कार करतो. सिनेमात त्या वयानं मोठ्या आणि राजीखुशीनं आलेल्या तरुणी होतात. प्रसंग भरधाव वेगात, संगीताच्या तालावर, विनोदासारखा उडवला जातो. कादंबरीत त्याच्या हातून तुरुंगातही एक कैदी मरतो. सिनेमात हा खून नाही. मांजरं पाळणारी, त्याच्या हातून मरणारी म्हातारी सिनेमात कामुक कलाकृती जमवणारी तोऱ्यातली बाई होते. तिचा कळवळा येऊ नये, अशीच ही मांडणी आहे. त्यात माल्कम मॅकडॉवेलचा मिस्कील, देखणा अ‍ॅलेक्स. सहानुभूती आपसूक त्याच्याकडे झुकते.

बर्जेसनंही वाचकाला अ‍ॅलेक्सच्या जवळ नेलं, पण वाट वेगळी होती. रशियन शब्दांवर बेतलेल्या टोळीच्या बोलीत अ‍ॅलेक्स स्वतःच सगळं सांगतो. अर्थ लावता लावता भयंकर गोष्ट उशिरा उमगते आणि आपण इतका वेळ हे मजेत वाचत होतो, याची लाज वाटते. तपशील कुठेही सौम्य केलेला नाही. म्हणूनच पाद्र्याचा प्रश्न तिथे जास्त जड होतो. इतक्या नीच माणसाचंही निवडीचं स्वातंत्र्य तुम्ही मान्य कराल का, असं पुस्तक विचारतं. सिनेमातल्या अ‍ॅलेक्सबाबत होकार देणं तुलनेनं सोपं आहे.

शेवटही बदलतो. बर्जेसनं सज्ञान होण्याचं वय डोळ्यांसमोर ठेवून 21 प्रकरणं लिहिली. शेवटच्या प्रकरणात अ‍ॅलेक्सला हिंसेचा आपणहून कंटाळा येतो. बायको, मूल हवंसं वाटू लागतं. अमेरिकन प्रकाशकानं ते प्रकरण गाळलं होतं आणि कुब्रिकचा सिनेमाही विसाव्या प्रकरणापाशीच थांबतो. कुत्सित हसू सोडून अ‍ॅलेक्सकडे काही उरत नाही. सिनेमा म्हणून हा शेवट जबर आहे, पण माणूस स्वतःहून बदलू शकतो, हा बर्जेसचा दावा त्यात निकालात निघतो.

तेव्हा न्याय झाला का? कादंबरीतल्या वादाला झाला, बळींना नाही. सिनेमा श्रेष्ठ आहेच, पण पुस्तक आधी वाचा. आणि विकत घेताना प्रतीत 21 प्रकरणं आहेत ना, तेवढं पाहून घ्या.