दारूच्या रकान्यात ‘नाही’

केसपेपर लिहिणारी मुलगी मान वर न करता विचारते, “दारू किती वर्षं?”

अण्णांचा हात गळ्यातल्या तुळशीच्या माळेकडे जातो. “माळकरी आहे मी, पोरी.”

ती रकान्यात ‘नाही’ लिहिते. पण बाकावरच्या दोघातिघांनी वळून पाहिलेलं असतं. अण्णा त्यांच्याकडे पाठ करून बसतात. दारूचं विचारायलाच हवं. मला राग येतो तो त्या ‘किती वर्षं’चा. अण्णांना चौदा वर्षं मधुमेह आहे, त्यातली बरीच वर्षं साखर दोनशेच्या वर. दारूचा थेंब न घेता यकृत निबर व्हायला तेवढंही पुरतं.

फायब्रोस्कॅनच्या खोलीत अण्णा उपाशीपोटी उताणे झोपलेत, उजवा हात डोक्याखाली. टेक्निशियन बरगड्यांच्या फटीत जेल लावून प्रोब टेकवतो. टक्. टिचकी मारल्यासारखा धक्का, अण्णांच्या पापण्या हलतात. त्या धक्क्याची लहर यकृतातून किती वेगाने जाते ते यंत्र मोजतं. यकृत जेवढं कडक, तेवढी लहर जलद. असे निदान दहा धक्के. निरोगी माणसाचा आकडा साधारण 7 किलोपास्कलच्या आत असतो. पडद्यावर 24 येतात.

“जुने रिपोर्ट?” डॉक्टर विचारतात. मी शेजारी, फाइल माझ्याकडे. डोळ्यांचा पडदा तपासलेला आहे, लघवीतली प्रथिनं पाहिलेली आहेत, तळपायांची संवेदनाही. यकृताकडे कुणी वळलेलंच नाही. डॉक्टर तीन वर्षांपूर्वीचा रक्ताचा कागद काढतात आणि मोबाइलवर यकृतातल्या व्रणांचा अंदाज देणाऱ्या सूत्रात आकडे घालतात: वय 59, एसजीओटी 48, एसजीपीटी 36, प्लेटलेट्स 1 लाख 30 हजार. उत्तर 3.6. “2.67च्या वर गेलं की पुढं तपासायचंच,” ते म्हणतात. एसजीपीटीपुढे ‘नॉर्मल’ छापलेलं आहे. बिनखर्चाचं गणित तीन वर्षं या फाइलीत पडून होतं, आणि अण्णांचं काही दुखत नव्हतं.

“पण डॉक्टर, साखर आता सुधारलीय,” अण्णांचा मुलगा घाईने सांगतो. “पहाटे सत्तरच्याही खाली येते.”

डॉक्टर पेन खाली ठेवतात. “ही सुधारणा नाही. यकृत साखर साठवतं आणि रात्री थोडी थोडी सोडतं. व्रण धरलेल्या यकृताला ते जमेनासं होतं, वर तुमची गोळी साखर आणखी पाडते.” ग्लिमेपिराइडवर काट मारली जाते. झोपताना काहीतरी खायचंच, असं ते अण्णांकडे बघून दोनदा सांगतात. आज प्लेटलेट्स 98 हजारांवर घसरल्यात, म्हणून अन्ननलिकेतल्या शिरा फुगल्यात का ते पाहायला हवं; ते एंडोस्कोपीत कळेल.

अण्णा एवढा वेळ गप्प आहेत. “एकादशी?” ते विचारतात.

“निरंकार उपास बंद, अण्णा.”

“आणि वारी?”

“आधी गुरुवारी एंडोस्कोपी. मग बोलू.”