उंबाडियुं : आजीच्या पोपटीचं गुजराती भावंडं

थंडीच्या दिवसांत वडोदऱ्याहून मुंबईकडे गाडीने जात असाल, तर वलसाडच्या अलीकडे डुंगरीजवळ जरूर थांबा. रस्त्याकडेला उपड्या मडक्यांभोवती जाळ दिसेल. तेच उंबाडियुं.

मडक्यात वासाच्या पाल्याचा थर देऊन पापडीच्या शेंगा, बटाटे, शक्करिया आणि रताळू भरतात. नावांनी गोंधळू नका. गुजरातीतलं शक्करिया म्हणजे आपलं रताळं आणि रताळू म्हणजे कोनफळ! मसाला हिरवी मिरची, आलं आणि लसणीच्या पातीचा. तेल नाही, वरून पाणीही नाही. भाज्या स्वतःच्याच वाफेवर शिजतात. सोबत हिरवी चटणी आणि ताक.

आम्ही थांबलो तेव्हा मुलांनी धुरकट शेंगा बघून नाक मुरडलं. माझ्या सासूबाई मात्र वास येताच म्हणाल्या, "अगं, ही तर आमची पोपटी!" त्यांचं माहेर अलिबागचं. तिकडे वालाच्या शेंगा, मीठ, ओवा आणि भांबुर्ड्याचा पाला घालून मडकं असंच शेकतात. कुणी त्यात अंडी, कोंबडीही घालतं.

वडोदऱ्यात जन्मलेल्या माझ्या मुलांसाठी पोपटी ही आजीची नुसती गोष्ट होती. त्या दिवशी तिची चव कळली. शेंगा सोलता सोलता आजीला प्रश्न सुरू झाले: शेकोटी कुठे पेटवायचात? कोण कोण जमायचं? वलसाड येऊन गेलं, तरी आजी सांगतच होती.

तुमच्या आजीलाही विचारून बघा. तिच्या गावची चव कदाचित वाटेतच भेटेल.