उंबऱ्याआड कोंडलेला आजार

यावल, फैजपूर, रावेर या पट्ट्यात केळीच्या पानावर करपा दिसला, तर शेतकरी तो लपवत नाही. शेजारच्या बांधावर जाऊन विचारतो, पान तोडून कृषी केंद्रावर नेतो, फवारणी कोणती घ्यायची ते त्याच दिवशी ठरवतो. त्याच घरातला विशीतला मुलगा रात्र रात्र जागू लागला, एकटाच पुटपुटू लागला, 'लोक माझ्यावर पाळत ठेवून आहेत' म्हणू लागला, तर मात्र आधी दार लोटलं जातं. पाहुणे आले की 'झोपलाय, बरं नाही त्याला' एवढंच सांगायचं. कॉलेज सुटलं तर 'शेतीत लक्ष घालतोय' म्हणायचं. मोठी बहीण लग्नाची असेल, तर तोंडाला कुलूपच.

घरात कुजबुज सुरू होते ती ठरावीक शब्दांत. 'बाहेरचं झालंय', 'कुणीतरी काही खाऊ घातलं', 'हवा लागली'. मग लिंबू-नारळाचा उतारा, भगताकडे फेरी, अंगात येणाऱ्या बाईला प्रश्न. त्याने भागलं नाही की गाडी करून देवस्थान गाठायचं. अजिंठ्याच्या डोंगररांगेतलं महानुभाव पंथाचं जाळीचा देव हे स्थान आणि बुलढाणा जिल्ह्यात पिंपळगाव सराईचा सैलानी बाबांचा दर्गा, या दोन्ही ठिकाणी खानदेशातून माणसं मोठ्या श्रद्धेने जातात. एकाकडे हिंदूंनी आणि दुसऱ्याकडे मुसलमानांनी जायचं, असा भेद दुखण्यापुढे उरत नाही. या सगळ्यात महिने जातात, कधी वर्षं जातात. जळगावच्या सिव्हिलला मानसोपचाराच्या ओपीडीत केसपेपर काढला जातो, तोवर मुलाची नोकरी, शिक्षण, मित्र आणि घरातली शिल्लक, यातलं बरंच काही संपलेलं असतं.

हा दोष अडाणीपणाचा म्हणून खेड्यावर ढकलता येत नाही. दीपिका पदुकोणने स्थापन केलेल्या 'लिव्ह लव्ह लाफ' संस्थेने 2018 मध्ये देशातल्या आठ शहरांत पाहणी केली. मानसिक आजार असलेल्यांनी आपापले वेगळे गट करून राहावं, म्हणजे निरोगी लोकांवर परिणाम होणार नाही, असं 60 टक्के लोकांना वाटत होतं. अशा माणसाला कुठलीच जबाबदारी देऊ नये, असं 68 टक्क्यांचं मत होतं. फ्लॅटमध्ये राहणारा आणि वाड्यात राहणारा, दोघांची भीती एकाच जातीची आहे.

या भीतीची किंमत मोजता येते. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने 2015-16 मध्ये बारा राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. महाराष्ट्र त्यात नव्हता, पण खानदेशाला लागून असलेले गुजरात आणि मध्य प्रदेश होते. पाहणीच्या वेळी दर शंभर प्रौढांमागे सुमारे दहा जणांना कुठला ना कुठला मानसिक विकार होता, आणि विकारागणिक 70 ते 92 टक्के लोक उपचारांविना होते. डॉक्टर कमी, अंतर जास्त, ही कारणं खरीच. राज्यातली चार प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीला आहेत; खानदेशात एकही नाही. तरीही जिथे दवाखाना हाकेच्या अंतरावर आहे, तिथेही माणसं जात नाहीत. 'कुणी पाहिलं तर?' हा प्रश्न त्यांना दारातच अडवतो.

स्किझोफ्रेनिया हा यातला सगळ्यांत बदनाम आजार. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात साधारण तीनशे माणसांत एकाला तो होतो. म्हणजे तीन हजार वस्तीच्या गावात दहाएक माणसं. तो बहुधा ऐन तारुण्यात सुरू होतो. कानात आवाज येतात, नसलेल्या गोष्टींची पक्की खात्री वाटते, अंघोळ-जेवणाची शुद्ध राहत नाही, बोलणं आटतं. मेंदूतल्या डोपामिनसारख्या रसायनांच्या कामात झालेल्या बिघाडाशी याचा संबंध आहे आणि गोळ्या तिथेच काम करतात. गुण यायला काही आठवडे लागतात. सुस्ती, वजन वाढणं, हातापायांना कंप किंवा ताठरपणा असे त्रास काहींना होतात. डॉक्टरांना सांगितलं तर मात्रा किंवा औषध बदलता येतं. पण 'या झोपेच्या गोळ्या आहेत, सवय लागेल' असं कुणी शेजारी म्हणतो, बरं वाटू लागताच पाकीट कोनाड्यात पडतं आणि आजार उलटतो. मग 'बघा, औषधांनी काही होत नाही' म्हणायला गाव मोकळं. खरं तर उपचार आणि आधार मिळाला तर किमान तीनांपैकी एक जण पूर्ण बरा होऊ शकतो, आणि बाकीच्यांपैकी अनेक जण औषध चालू ठेवून कामधंदा करतात.

'वेडा माणूस केव्हा अंगावर येईल सांगता येत नाही' ही दुसरी पक्की समजूत. प्रत्यक्षात अशा रुग्णांनी इतरांना मारण्यापेक्षा इतरांकडून मार खाण्याची शक्यताच जास्त असते. गावात दगड मारणारी पोरं आणि हसणारे मोठे, हे दृश्य कुणाला नवं नाही. ज्याला आपण कोण, कुठले हे धड सांगता येत नाही, त्याचं काय होऊ शकतं हे खानदेशाने 1 जुलै 2018 रोजी पाहिलं. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला, मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना ठार मारलं. ते मनोरुग्ण नव्हते, भिक्षा मागून पोट भरणारे होते, आणि आपली ओळख सांगू शकत होते. ज्याला तेवढंही जमत नाही, अशा भटकणाऱ्या रुग्णाची अवस्था काय होत असेल?

तिसरी समजूत सगळ्यांत महागात पडते: 'लग्न लावून द्या, होईल ठीक.' आजार सांगितला जात नाही, गोळ्या लपवल्या जातात, हळद लागते. जागरणं आणि ताण यांनी दुखणं उसळतं आणि महिन्याभरात दोन घरांची भांडणं पंचांपुढे येतात. मुलगी आजारी असेल तर तिला माहेरी आणून सोडतात. मुलगा असेल तर सुनेला 'तूच पायगुणाची नाहीस' हे ऐकावं लागतं. आजाराला लग्न हे औषध नाही. पण उपचार चालू असलेल्या, बरं वाटत असलेल्या माणसाने सगळं स्पष्ट सांगून केलेला संसार टिकू शकतो. 'आजार रक्तातच आहे' ही धास्तीही तपासून घ्यावी. आई किंवा वडील यांपैकी एकाला स्किझोफ्रेनिया असेल, तर मुलाला तो होण्याचं प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास असतं. म्हणजे दहातल्या नऊ मुलांना तो होत नाही.

हे दार उघडणारा एक माणूस खानदेशातलाच होता. मूळ धुळ्याचे डॉ. जगन्नाथ वाणी कॅनडात कॅलगरी विद्यापीठात प्राध्यापक होते. त्यांच्या पत्नी कमलिनी यांना स्किझोफ्रेनिया झाला. परदेशात, चारचौघांत मान असलेल्या घरात, ही गोष्ट झाकून ठेवणं त्यांना सहज जमलं असतं. वाणी उघड बोलले. 1997 मध्ये त्यांच्या पुढाकाराने पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन, म्हणजे 'सा', उभी राहिली. रुग्णांचे आईवडील, भावंडं, जोडीदार तिथे एकत्र बसतात आणि घरात कुणाला सांगता येत नाही ते एकमेकांना सांगतात. 2004 मध्ये सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'देवराई' चित्रपट आला; त्यामागेही वाणी आणि 'सा' यांचं पाठबळ होतं. अतुल कुलकर्णी यांनी रंगवलेला त्यातला शेष पाहून अनेक मराठी कुटुंबांना आपल्या घरातल्या माणसाच्या वागण्याला नाव आहे, हे पहिल्यांदा कळलं.

घरातून निसटून रेल्वेत बसलेल्यांची गोष्ट याहून बिकट. भुसावळसारख्या जंक्शनवर कुठली गाडी कुठून कुणाला आणून सोडेल, नेम नाही. जटा, फाटके कपडे, पायाला जखमा. लोक बाजूने निघून जातात. 1988 च्या सुमारास मुंबईत बोरिवलीला डॉ. भरत वाटवानी आणि डॉ. स्मिता वाटवानी यांनी एका तरुणाला करवंटीने गटारातलं पाणी पिताना पाहिलं. ते त्याला आपल्या नर्सिंग होममध्ये घेऊन गेले, अंघोळ घातली, औषध सुरू केलं. तरुण बोलू लागला, तेव्हा कळलं की तो विज्ञानाचा पदवीधर आहे आणि आंध्रातल्या जिल्हा परिषदेत त्याचे वडील मोठ्या हुद्द्यावर आहेत. त्यातून 'श्रद्धा' फाउंडेशन उभं राहिलं. कर्जतच्या केंद्रातून संस्थेने हजारो लोकांना घरी पोहोचवलं आणि 2018 मध्ये डॉ. वाटवानींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. खानदेशाच्या शेजारी, चिखली तालुक्यात पळसखेड सपकाळ इथे नंदकुमार आणि आरती पालवे यांचा 'सेवासंकल्प' हेच काम करतो. नगरजवळ डॉ. राजेंद्र आणि डॉ. सुचेता धामणे यांची 'माऊली' रस्त्यावर सापडलेल्या मनोरुग्ण स्त्रियांना घर देते.

श्रद्धेशी भांडण मांडूनही हा प्रश्न सुटत नाही. गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यात उनावाच्या मीरा दातार दर्ग्यावर 'दवा-दुआ' नावाचा प्रकल्प सुरू झाला. दर्ग्याचे मुजावर दुआ देतात आणि तिथेच बसलेल्या मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवतात. ज्याच्यावर विश्वास आहे त्यानेच 'गोळीही घे' म्हटलं की घरचे ऐकतात. रुग्णाला बांधणाऱ्या साखळीला मात्र श्रद्धेचा आडोसा नाही. 6 ऑगस्ट 2001 रोजी तमिळनाडूतल्या एरवाडीत दर्ग्याजवळच्या एका झोपडीवजा आश्रमाला पहाटे आग लागली. रुग्ण साखळदंडांनी बांधलेले होते. 28 जण जागेवरून हलूही न शकता जळून गेले.

त्यानंतर कायदा बदलला. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी ज्यासाठी वर्षानुवर्षं लढा दिला, तो जादूटोणाविरोधी कायदा त्यांच्या हत्येनंतर 2013 मध्ये महाराष्ट्रात आला. भूत उतरवण्याच्या नावाखाली दोराने किंवा साखळीने बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं हा त्यानुसार गुन्हा आहे. 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा 2018 पासून लागू आहे. रुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधायचं नाही, सक्तीने डोकं भादरायचं नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. भटकणाऱ्या रुग्णाला पोलिसांनी कोठडीत टाकायचं नाही. चोवीस तासांच्या आत सरकारी रुग्णालयात न्यायचं. विमा कंपन्यांनी शारीरिक आजाराप्रमाणेच मानसिक आजारालाही संरक्षण द्यायचं. 2016 च्या दिव्यांग कायद्यात मानसिक आजाराचा समावेश आहे, त्यामुळे दीर्घ आजारात प्रमाणपत्र मिळू शकतं. पण अनेक घरं ते काढत नाहीत, कारण कागदावर नाव आलं की गावभर होईल ही भीती.

म्हणून वाचकांकडे थोडंसंच मागणं आहे. ओळखीच्या घरात असं दुखणं असेल, तर तिथे जाणं थांबवू नका. चहाला बसा, रुग्णाशीही त्याच्या नावाने बोला. लग्नाला, बारशाला त्याला बोलावा. बरा होऊन आलेल्याला बागेत, दुकानात, गोडाऊनवर जमेल ते काम द्या आणि मजुरी पूर्ण द्या. रस्त्यावर कुणी भटकताना दिसलं तर 112 वर पोलिसांना कळवा. घरात कुणाची झोप, बोलणं, वागणं दोन-तीन आठवडे बिघडलेलं दिसलं, तर जळगाव किंवा धुळ्याच्या सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभागात न्या. जाण्याआधी विचारायचं असेल, तर टेलि-मानस ही केंद्र सरकारची सेवा 2022 पासून सुरू आहे. नंबर 14416. दिवसरात्र, फुकट, आणि मराठीत बोलता येतं.